पिकअपचं चावीचं लॉक झिजलंय, दुरुस्त होतं का नवंच बसवावं?

हळदीची पिकअप, वसमत

नमस्कार मंडळी. गाडी २००९ ची, डिझेल पिकअप. वडिलांनी नवी काढली होती. हप्ते फिटले, वडील गेले, गाडी अजून चालू आहे. इंजिनाची कसलीच तक्रार नाही, तक्रार चावीची आहे.

दोन वर्षांपासून चावी घातल्याबरोबर फिरायची बंद झाली. आधी जरा हलवली की फिरायची. मग जराशी बाहेर ओढून, वर उचलून, डाव्या हातानं स्टिअरिंग खेचून धरून फिरवायला लागलो. आता रोज सकाळी पाच-दहा मिनिटं हाच खेळ. शेजारचे काका म्हणतात, गाडी चालू करायलास का तिची नाडी बघायलास? दुपारी त्यामानानं बरी फिरते, पहाटे मात्र अंत बघते.

एवढंच असतं तर गप बसलो असतो. पण आता नवे नखरे सुरू झालेत. गाडी चालू असताना चावी सरळ हातात निघून येते, इंजिन आपलं चालूच. सेल्फ मारला की चावी आपोआप मागं येत नाही, बोटानं आणावी लागते. एकदा ध्यानात राहिलं नाही तर सेल्फ तसाच किरकिरत राहिला, काळजात धस्स झालं. आन् कधीकधी चावी फिरते, दिवे लागतात, पण सेल्फला नुसतं 'टक्'. बॅटरी सहा महिन्यांची आहे, तिच्यावर संशय घेऊ नका.

परवा तर हद्द झाली. भाच्यानं त्याच्या मोटारसायकलची चावी घातली आन् गाडी चालू करून दाखवली. पोरं टाळ्या वाजवून हसली. मला रात्रभर झोप नाही, गाडी उघड्या अंगणात उभी असते.

त्याच आठवड्यात भाव वाढायची वाट बघत ठेवलेली हळद, बावीस पोते, घेऊन वसमतच्या मोंढ्याला निघालो. गावाबाहेरच्या खड्ड्यात गाडी आदळली आन् मीटरचे दिवे गेले, इंजिन बंद. चावी जागेवरच, ऑनला. जरा हलवली की दिवे आले. मोंढ्याच्या रांगेत परत तेच, मागून सगळे ट्रॅक्टर कोकलायले.

तीन जणांना दाखवून झालं. गावातला मेकॅनिक म्हणतो लॉक काढून फेकू, एक खटका आन् एक बटन लावू, तीनशे रुपयांत मोकळा हो. पार्टवाला म्हणतो पूर्ण लॉक सेट घ्या, दोन्ही दारं आन् टाकीच्या झाकणासकट बावीसशे. तिसऱ्यानं हातोडीनं दोन ठोके मारले, पन्नास रुपये घेतले, तिसऱ्या दिवशी जैसे थे.

माझं विचारणं एवढंच, हे लॉक उघडून दुरुस्त होतं का? मला पाना-पक्कड धरता येतं, वायरिंगचं थोडंफार कळतं. कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा.

वायरिंगवाला, नांदेड

भाऊ, तुम्ही सगळं खापर लॉकवर फोडायलात, पण दुखणी दोन आहेत. चावी, चावी जिच्यात जाते ते बॅरल, आणि बॅरलच्या मागं बसलेला विजेचा स्विच, या वेगवेगळ्या वस्तू. चावी न फिरणं, चालू गाडीत निघून येणं हे पुढचं दुखणं. नुसतं टक् होणं आणि खड्ड्यात दिवे जाणं हे मागच्या स्विचचं. नवंकोरं बॅरल बसवलं तरी गाडी खड्ड्यात बंद पडणारच.

खात्री करून घ्या. स्टिअरिंगखालचं कव्हर सोडा. बऱ्याच गाड्यांत स्विच मागच्या बाजूला दोन बारीक स्क्रूवर असतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. चावीनं एकदा स्टिअरिंग मोकळं करा, मग स्विच मागं ओढा, वायर तशाच राहू द्या आणि त्याच्या मधल्या खाचेत पेचकस घालून फिरवा. दहा वेळा फिरवून दहाही वेळा सेल्फ लागला तर स्विच बरा. एकदा जरी टक् झालं तरी तो गेला समजा.

मल्टिमीटर असेल तर आणखी पक्कं कळतं. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला वीज जोडणाऱ्या सेल्फवरच्या डबीच्या, बारीक वायरीला. तिथं बहुतेक ५० आकडा असतो. कुणाला तरी सेल्फ मारायला लावा आणि सेल्फ फिरत असतानाचाच आकडा वाचा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक-दीड व्होल्टच्या वर गेला तर तेवढी वीज वाटेतच खर्ची पडायलीय, आणि ती वाट म्हणजे बहुतेक तो स्विचच.

जुन्या डिझेल गाडीचा सोलेनॉइड ओढला जाताना क्षणभर पंचवीस-तीस अँपिअर घेतो. तो सगळा करंट दहाच्या नाण्याएवढ्या स्विचमधून जातो. दरवेळी बारीक ठिणगी, दरवेळी तांबं थोडं काळं. पंधरा वर्षं टिकला म्हणजे चिवटच निघाला. खड्ड्यात इंजिन बंद पडतं त्याचंही मूळ तिथंच. डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडला चावीतूनच वीज जाते, ती पळभर तुटली की डिझेल अडतं.

स्विच नवा टाका. आणि माझं ऐकाल तर सेल्फच्या वायरीत ४० अँपिअरचा रिले, म्हणजे थोड्या विजेवर जास्त वीज जोडणारा स्विच, घाला. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीवरून जाड वायर, तिच्यात बॅटरीला लागूनच फ्यूज. ८७ वरून सोलेनॉइडला. चावीकडून येणारी सेल्फची वायर ८६ ला, ८५ बॉडीला. मग चावीच्या स्विचवरून अर्धा अँपिअरसुद्धा जात नाही.

सेल्फ चिकटून राहतो म्हणता, ते मात्र उद्यावर टाकू नका. इंजिन चालू झाल्यावर सेल्फ सुटला नाही तर तो जळतो. माझ्या दुकानात असे जळके सेल्फ कायम येतात आणि मालक म्हणतो, सेल्फच खराब होता.

कापूसगाडी, मानवत

एवढं पुराण कामून? माझी चार वर्षांपासून खटका-बटनावर चालू आहे. चावी सांभाळायचं टेन्शनच नाही. तीनशे रुपये टाका आन् मोकळे व्हा.

मोसंबीवाला, जालना

काही होत नाही तोवर काहीच होत नाही. माझ्या मेव्हण्याची गाडी ढाब्यासमोरून रात्रीत गेली, तिलाही खटकाच होता. विम्याचा माणूस आला, त्यानं पहिलं वाक्य काय म्हणावं, "दोन्ही मूळ चाव्या द्या." चावीच नाही तर देतो काय. फाइल अजून फिरतीय. आणि खटका लावणारे स्टिअरिंग लॉकची पिनही कापून टाकतात, म्हणजे चोराचं उरलेलं कामही आपणच करून ठेवायचं.

जुना कारागीर, चिकलठाणा

चिकलठाण्याच्या एसटी कार्यशाळेत आयुष्य गेलं, आता घरी बसून लोकांच्या तक्रारी वाचतो. नांदेडच्या दादांनी स्विचचं बरोबर सांगितलंय, त्यात भर घालत नाही. मी बॅरलचं सांगतो.

बॅरलच्या आत पितळी पत्त्या असतात. नखाएवढ्या पातळ, मध्ये चौकोनी खिडकी, प्रत्येकीमागं एक स्प्रिंग. चावी नसली की स्प्रिंग पत्त्यांना बाहेर ढकलते, त्या बाहेरच्या घराच्या खाचेत अडकतात आणि बॅरल फिरत नाही. चावी आत गेली की प्रत्येक पत्ती आपापल्या खाचेच्या मापानं आत ओढली जाते. सगळ्या बॅरलच्या अंगाशी समपातळीत आल्या की वाट मोकळी. सगळी कारागिरी ती एवढीच. चावी झिजली की ती पत्तीला पुरती आत ओढत नाही, एखादी केसभर बाहेर राहते आणि अडवते. तुम्ही चावी वर उचलता, बाहेर ओढता, ते त्या एका पत्तीची समजूत काढायला.

आता मला दोन गोष्टी सांगा. तुमच्या हातात आहे ती चावी मूळची आहे का नक्कल? आणि पहाटे जास्त त्रास, दुपारी कमी, असं लिहिलंय तुम्ही. आत काय ओतलंय? खोबरेल?

नकलेचं यासाठी विचारतो की चावी कापायच्या मशीनचं एक टोक जुन्या चावीच्या कडेवरून चालतं आणि तीच रेघ कोऱ्या पट्टीवर कापली जाते. झिजलेली चावी दिली तर झिजेचीच नक्कल होते. त्या नकलेची पुन्हा नक्कल केली तर मूळ खाच राहते बाजूला आणि हातात येते नुसती लाट. अशा चावीनं नवं बॅरलसुद्धा वर्षभरात नासतं.

काम स्वतः करणार असाल तर पहिलं बॅटरीचं मायनस काढा. लॉकचं घर स्टिअरिंगच्या कॉलमला ज्या बोल्टांनी धरलेलं असतं त्यांना डोकं दिसणार नाही. ते कारखान्यात आवळतानाच तुटून पडेल असं बनवलेलं असतं, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. त्यांच्या नादी लागू नका. छिन्नीनं उलटं ठोकून निघतात, पण तुम्हाला घर काढायचंच नाही, आतलं बॅरल काढायचं आहे. चावी पहिल्या खटक्यावर, म्हणजे ॲक्सेसरीला आणा. घराच्या बाजूला बारीक भोक सापडेल, त्यात सुई किंवा सायकलचा स्पोक घालून आतली पिन दाबा आणि चावीला धरून बॅरल सरळ बाहेर ओढा. चावी तिथवर फिरते आहे तोवरच हे काम करून घ्या. पूर्ण अडकली तर ड्रिल मारण्यावाचून गत्यंतर नाही.

हळदीची पिकअप, वसमत

काका, तुम्ही घरात येऊन बघितल्यासारखं लिहिलंय. खोबरेलच. चार वर्षांपासून दर महिन्याला दोन थेंब. थंडीत ते आत गोठत असेल हे डोक्यातच आलं नाही, डोक्याला लावायचं तेल गोठलेलं रोज बघतो तरी.

चावीचं म्हणाल तर नक्कलच. मूळ चावी २०१५ ला झिजून संपली. तिची एक काढली, ती झिजली म्हणून तिची दुसरी. म्हणजे हातात आहे ती नात आहे.

पण तुमचं वाचून एक आठवलं. गाडी कर्जाची होती, तेव्हा दुसरी चावी फायनान्सवाल्यांनी ठेवून घेतली होती. कर्ज फिटल्यावर एनओसीसोबत खाकी पाकिटात परत दिली. आईच्या पत्र्याच्या पेटीत ते पाकीट तसंच होतं, वर वडिलांच्या अक्षरात गाडीचा नंबर. आत्ता उघडलं. चावीवर ओरखडासुद्धा नाही. शेजारी ठेवून बघितल्या दोन्ही. नव्या चावीच्या खाचा ज्वारीच्या विळ्याच्या दातासारख्या कडक, माझी चावी म्हणजे चोखलेली आंब्याची कोय.

ती चावी घालून बघू का?

जुना कारागीर, चिकलठाणा

घाला, पण जोर लावू नका. आत घाण आहे, चावी वाकली तर ही एकच मूळ आहे. आधी तिच्यावरून दोन काढून घ्या. चांगल्या माणसाकडं जा आणि मूळ चावी परत पेटीत. आणि चावीच्या मुठीवर किंवा सोबतच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर आकडा असेल तर तो वहीत उतरवा. त्या आकड्यावरून पुढं चावी कापता येते.

डिप्लोमा मेकॅनिकल, लातूर

यात एक भर. तुमच्या कड्यात किती चाव्या आहेत? माझ्या अनुभवात निम्मी लॉकं जुडग्यानंच मारलेली असतात. खड्ड्याखड्ड्याला जुडगा झुलतो आणि चावी पत्त्यांवर कानशीसारखी चालते.

हे मी हवेत बोलत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या त्या इग्निशनच्या स्विचपायी. स्विचचा खटका इतका हलका होता की जड जुडग्यानं किंवा धक्क्यानं चावी चालू गाडीत ऑनवरून ॲक्सेसरीला यायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, एअरबॅगही उघडायच्या नाहीत. कंपनीनं नेमलेल्या भरपाई निधीनं १२४ मृत्यू मान्य केले. आपल्या जुन्या पिकअपला एअरबॅग नाही, पण बावीस पोते घेऊन उतारावर इंजिन गेलं तर ब्रेकचा बूस्टरही दोन-तीन दाबांनंतर साथ सोडतो.

हळदीची पिकअप, वसमत

कडं आत्ता वजनकाट्यावर ठेवलं. गाडीची चावी, घराची, गोठ्याची, मोटारीच्या पेटीची, ट्रॅक्टरची, आन् माहूरच्या देवीचं पितळी कीचेन. सगळं मिळून पावशेराला थोडं कमी. हसू नका.

रविवारी काम करतो, मग लिहितो.

हळदीची पिकअप, वसमत

काम झालं. रविवारी नाही, रविवार आन् सोमवार. लांबण लागणार आहे, पण माझ्यासारख्या दुसऱ्याला उपयोगी पडेल.

बॅटरीचं मायनस काढलं, कव्हरचे पाच स्क्रू काढले. त्यातले दोन आधीच्या कुण्या पुण्यवानानं लाकडाचे बसवले होते. बाजूचं भोक सापडायला अर्धा तास गेला, कारण ते धुळीनं लिंपून सपाट झालेलं. जुन्या टूथब्रशनं घासल्यावर दिसलं. चावी ॲक्सेसरीला आणायला वेगळी पंधरा मिनिटं. स्पोक घातला, दाबला, ओढलं, येईना. भाच्याला दाबायला लावलं आन् मी ओढलं, तर सुटकन आलं आन् मी सीटवर उताणा.

बॅरल हातात घेतलं तर पिवळं. खरंच सांगतो, पिवळं. चार वर्षांचं खोबरेल आन् चार हंगामांची हळदीची धूळ, ढोलात हळद पॉलिश करताना उडते ती, मिळून आत पक्का लेप बसलेला. पत्त्यांच्या मधल्या फटी भरून गेलेल्या. वास तर इतका चांगला की आई म्हणाली, हे काय, नवरदेवाला लावायचं आहे का?

बॅरल वाटीभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलं, अंगणात, चुलीपासून लांब. ब्रशनं धुतलं, तीनदा पेट्रोल बदललं, उन्हात वाळवलं. मग पेटीतली चावी हळूच घातली. आठ पत्त्या, चार या अंगाला, चार त्या अंगाला. सहा पत्त्या बॅरलच्या अंगात अशा बसल्या की अंगठा फिरवला तर कळत नाही. दोन मात्र बाहेर, अंगठ्याला टोचायच्या. मग जुनी चावी घातली, तर आठातल्या सात बाहेर! गाडी आजवर चालू कशी व्हायची हेच नवल. भाच्याच्या मोटारसायकलच्या चावीचं कोडंही तिथंच सुटलं. लॉकच्या घराच्या खाचांची धारच मेलेली, त्यामुळं अर्धवट बाहेर असलेल्या पत्त्यासुद्धा जोर लावला की घसरून आत जायच्या. कोणतीही चावी घालून दंडाचा जोर लावा, झालं काम.

इथवर आल्यावर मला वाटलं त्या दोन पत्त्या आपणच कानशीनं घासून सपाट कराव्यात. एक पत्ती बाहेर काढली आन् तिच्यामागची स्प्रिंग उडाली. जिऱ्याच्या दाण्याएवढी स्प्रिंग. मी, भाचा, आई, तिघांनी मॅट उचलून, झाडून, टॉर्च लावून शोधली. मिळाली नाही. तिथं शहाणपण सुचलं. बॅरल, पत्ती, दोन्ही चाव्या रुमालात बांधल्या आन् सोमवारी सकाळी एसटीनं नांदेडला गेलो.

नांदेडात रस्त्याच्या कडेला एक शिकलकरी सरदारजी बसतात, वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी पेटीतली चावी उजेडाला धरली आन् विचारलं, "ही इतकी वर्षं कुठं लपवली होती?" मी पेटीचं सांगितलं. म्हणाले, लोक ही चावी आधी हरवतात, मग माझ्याकडं येतात. माझी रोजची चावी हातात घेतली, अंगठ्यानं चाचपली आन् काही न बोलता बाजूला ठेवली.

बॅरल त्यांनी मांडीवरच्या फडक्यावर उघडलं, चिमट्यानं एकेक पत्ती काढून ओळीनं मांडली. हात थरथरायले, पण पत्तीजवळ गेला की स्थिर. प्रत्येक पत्तीवर बारीक आकडा कोरलेला असतो, हे मला तिथंच कळलं. आकडा म्हणजे तिच्या खिडकीची उंची. दोन पत्त्यांच्या खिडक्यांची कड चावी घासून घासून गोल झाली होती. त्यांच्याकडं पत्र्याच्या डब्यात जुन्या लॉकांतल्या पत्त्यांचा खजिना आहे. एकीचा जोडीदार त्याच आकड्याचा मिळाला. दुसरीचा मिळेना, तर जवळच्या आकड्याची घेऊन कानशीचे चार हलके हात मारले, घातली, अंगठा फिरवला, परत दोन हात.

मी विचारलं, जुन्याच का घासल्या नाहीत? म्हणाले, ते पण करतात लोक. पण घासलेली पत्ती कुणालाच अडवत नाही, सगळ्या घासल्या तर कुलूप कशाला म्हणायचं. मग स्प्रिंग कुण्या मोटारसायकलच्या लॉकमधून काढून बसवली. आठही पत्त्या सपाट झाल्यावर चावी बाहेर ओढली, तर आठही एकदम टपकन बाहेर आल्या. तो आवाज मला परत ऐकायचा होता, म्हणून मीच चार-पाच वेळा चावी घातली-काढली. त्यांनी काढू दिली.

शेवटी काळी भुकटी फुंकली, ग्रॅफाइट. पेन्सिलीच्या आत असतं तेच. तेल सांगितलं तर हातच जोडले. तेल धुळीला धरतं, भुकटी धरत नाही. पेटीतल्या चावीवरून दोन नव्या कापल्या आन् दोन्ही माझ्यासमोर बॅरलमध्ये फिरवून दाखवल्या. सगळं मिळून सहाशे घेतले. मी सातशे देऊ केले तर शंभर परत दिले.

घरी येऊन बॅरल बसवायला दोन मिनिटं. टक् करून पिन जागेवर बसली.

मग मागचा स्विच. नांदेडच्या दादांनी सांगितलं तसं मल्टिमीटर लावून आधीच बघितलं होतं, आकडा दोन व्होल्टच्या वर. जुना स्विच फोडून बघायचा मोह आवरला नाही. आतली तांब्याची एक टिकली कोळशासारखी, तिच्या भोवतीचं प्लास्टिक वितळून फुगलेलं. सेल्फवरून चावी परत येत नव्हती त्याचं निम्मं कारण तेच, त्या फुगवट्यात फिरकी अडकायची. निम्मं बॅरलमधल्या लेपाचं. नवा स्विच साडेचारशेचा, रिले, वायर आन् फ्यूज मिळून अडीचशे. रिले बॉनेटखाली बॅटरीशेजारी बसवला, पाणी उडणार नाही असा, तोंड खाली करून.

आता आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली आहे. आज पहाटे साडेपाचला, चांगल्या थंडीत, चावी घातली आन् फिरवली. शेजारचे काका दारात उभे होते, नाडी बघायला. गाडी लगेच लागली. बिचारे आत गेले.

जुना कारागीर, चिकलठाणा

छान केलंत. एक राहिलं, रस्त्यावर काढायच्या आधी करायला हवं होतं. स्टिअरिंग लॉकची पिन तपासली का? चावी ऑनवर ठेवून, इंजिन बंद, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवा. कुठंही टोचता कामा नये, टिकटिकही येता कामा नये. मग चावी काढून लॉक करा, परत उघडा, परत फिरवा. पिन अर्धवट बाहेर राहिली तर वळणावर स्टिअरिंग धरते, आणि तेव्हा चावी कितीही चांगली असून उपयोग नाही. आणि उतारावर डिझेल वाचवायला चावी बंद करायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. चुकून आणखी एक खटका मागं गेला आणि स्टिअरिंग लॉक झालं की संपलं.

हळदीची पिकअप, वसमत

काका, आत्ता करून आलो. डावीकडून उजवीकडं सहा वेळा. गुळगुळीत आहे, आवाज नाही. उताराची सवय वडिलांना होती, मला नाही. पण भाच्याला आहे. त्याला तुमचा निरोप वाचून दाखवला.

कापूसगाडी, मानवत

एकूण किती गेले मग?

हळदीची पिकअप, वसमत

सरदारजींचे सहाशे, स्विच साडेचारशे, रिलेचं सामान अडीचशे. तेराशे. नांदेडचं जाणं-येणं आन् चहा वेगळा. तुमच्या खटक्यापेक्षा हजारानं महाग, भाऊ. पण काल भाच्यानं परत मोटारसायकलची चावी घालून बघितली. अर्धीच आत गेली.

मोसंबीवाला, जालना

आणि पावशेराचा जुडगा?

हळदीची पिकअप, वसमत

कड्यात आता गाडीची एकच चावी. दुसरी नवी बायकोकडं, मूळची परत पाकिटात, पाकीट पेटीत. गोठ्याची, मोटारीची, ट्रॅक्टरची दाराच्या खुंटीला. देवीचं कीचेन काढलं म्हणून आई दोन दिवस बोलत नव्हती. शेवटी ते समोरच्या आरशाला बांधलं. खड्डा आला की काचेवर खणखण वाजतं, तेवढा त्रास आता सोसायचा.